तिसऱ्या फडक्याखाली

२ मार्च

चि. टकळीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या बाबाशी, या माझ्या दादाशी, बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला आहे. आता तू लिही. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतेस, त्याचा घरच्यांनाही काही उपयोग होऊ दे. फोन मात्र करू नकोस. फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता आणि ठेवताना दोघांनाही वाटतं की आपणच जिंकलो.

झालंय असं. डिसेंबरात दादा तापाने आडवा झाला, तेव्हा बेकरी बंद पडू नये म्हणून पीठ मळायला मी एका बाईंना ठेवलं. त्या अजून आहेत. आम्ही त्यांना गुणगुणबाई म्हणतो, कारण त्या बोलत नाहीत, नुसत्या गुणगुणतात. हात पिठात गेले की सूर सुरू, आणि काही नीट बघायचं-ऐकायचं असलं की सूर बंद. कामाला वाघ आहेत. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, कमावणाऱ्या या एकट्या.

दादाच्या डोक्यात बसलंय की त्या आल्यापासून आपल्या पावाचा वास गेला. पीठ मेल्यासारखं लागतं म्हणतो. मला तर वास तोच येतो, पण तसं सांगायला गेलं तर म्हणतो, तुला काय कळतंय, तू लहान आहेस. मी साठीची आहे गं! गेल्या महिन्यात चार-पाच वेळा ट्रेच्या ट्रे करपले, तेही त्यांच्याच माथी. भट्टी सांभाळतो हा. भट्टीच्या तोंडाशी दुसऱ्या कुणाला उभंसुद्धा राहू देत नाही. तुझ्या आजोबांचा नियम तुला पाठ आहे, की भट्टीच्या खोलीत घड्याळ नको. घड्याळ रोज तेच सांगतं आणि पीठ रोज वेगळं असतं, म्हणून पाव नाकाने बघायचा. मग नाक याचं आणि करपल्याचा दोष मळणाऱ्याला, हे कसं, असं मी विचारलं. तर म्हणाला, मळण्यात खोट असली की पाव फसवतो.

पुढे त्याचं चालूच. म्हणे सगळा बाजार हेच बोलतोय. म्हणे आज गुणगुणतात, उद्या मोठ्याने गातील, परवा बेकरीच डोक्यावर घेतील. आणि शेवटी, एक तर त्या राहतील नाहीतर मी. महिनाअखेर त्यांना कामावरून काढणार, हे नक्की करून बसलाय. मी अजून त्यांच्या कानावर घातलेलं नाही. माझ्याने होत नाही.

तू त्याची लाडकी. तुझं ऐकतो असं नाही, पण तुझ्याशी भांडायला त्याला आवडतं. तेवढ्यात महिना निघून जाईल.

कळावे. लोभ आहेच, तो शिळा होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या


६ मार्च

तीर्थरूप बाबांस,

सा. न. वि. वि. आत्याने मला सगळं कळवलं आहे. मी न्यायाधीश म्हणून लिहीत नाही, घाबरू नका. मी वकील आहे. गुणगुणबाईंची, आणि तीही त्यांना न विचारता.

बाबा, मी वर्गात मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते की कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याला शिक्षा करायची नसते. गुणगुणबाई डिसेंबरात आल्या, कबूल. डिसेंबरातच समोरच्या टेलरकाकांनी दुकानाला तो भयंकर हिरवा रंग दिला. मग पावाचा वास रंगामुळे गेला असं का नाही? निदान रंगाला घरी सासू नाही.

सगळा बाजार बोलतो म्हणालात. तो बाजार मी इथे बसून मोजला. बाजार म्हणजे टेलरकाका आणि त्यांचा मेहुणा, आणि मेहुणा पाव खातच नाही. आणि गुणगुणण्यापासून बेकरी डोक्यावर घेण्यापर्यंत तुम्ही एका दमात पोचलात, मधल्या पायऱ्या कुठे आहेत? मी लहानपणी शिट्टी वाजवायला शिकले तेव्हाही तुम्ही म्हणाला होतात की आता ही सर्कशीत जाणार. मी प्राध्यापक झाले. (त्यात फार फरक नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते.)

एक तर त्या नाहीतर मी, हे तर सर्वांत वाईट. दोनच दारं दाखवायची आणि तिसरं पाठीमागे लपवायचं. त्याही राहतील आणि तुम्हीही राहाल, याला कुणाची हरकत आहे? आणि पाव वाईट का, तर त्यांनी मळला म्हणून. त्यांनी वाईट मळला हे कशावरून, तर पाव वाईट म्हणून. बाबा, हे स्वतःच्याच शेपटीमागे फिरणारं कुत्रं झालं.

रागावू नका, पण भट्टी तुमच्या हातात, आणि पाव करपला की खोट दुसऱ्याच्या हातात, याला आपल्याकडे एक म्हण आहे. नाचता येईना आणि पुढचं अंगणाबद्दलचं. पासष्टी उलटली की माणूस हट्टी होतोच म्हणा. आमचे प्राचार्य बघा, अगदी तुमच्यासारखे.

परीक्षेचे पेपर आले आहेत, नाहीतर स्वतः येऊन भांडले असते. तापानंतरचा खोकला गेला का? स्वेटर घालता का? याचं उत्तर वाद न घालता द्यावं.

कळावे. लोभ असावा, आणि थोडा गुणगुणबाईंसाठीही काढून ठेवावा.

तुमची,
टकळी


१० मार्च

प्राध्यापकबाई टकळी यांस,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला म्हणून दुसऱ्यांदा वाचलं. दुसऱ्यांदाही आला.

आधी तुझाच हिशेब करतो. तुमचे प्राचार्य हट्टी, ते पासष्टीचे, म्हणून पासष्टीचे सगळे हट्टी. हे तुझ्या शास्त्रात चालतं का? शितावरून भाताची परीक्षा करतात ती एकाच पातेल्यातल्या. तुझ्या प्राचार्यांचं पातेलं वेगळं. आत्याला हे वाचून दाखवलं तर ती हसली, म्हणजे मला पहिला गुण मिळाला असं मी धरतो.

टेलरच्या मेहुण्याचं मात्र खरं आहे. ते मी मागे घेतो. गाण्याचंही मागे घेतो, ते रागात बोललो.

खोकला गेला. स्वेटर घालतो.

आता नीट ऐक. तू इतकी वर्षं भट्टीपासून दूर आहेस, तुला काय कळणार, असं लिहिणार होतो. पण तू म्हणशील, बाबा मुद्दा सोडून माणसावर घसरले. म्हणून लिहीत नाही. (लिहिलंच की.) पण मी खोटं बोलत नाही, टकळे. पहाटे भट्टीचं दार उघडलं की आधी वास तोंडावर यायचा आणि मग धग. आता नुसती धग येते. ताजा पाव मोडला तर आत नुसता मऊ, बाकी काही नाही. खाल्ला तर गोड-खारट कळतं, पण पाव खातोय असं वाटत नाही. हे मी कुणाला सांगू? तू म्हणतेस मी स्वतःच्या शेपटीमागे फिरतो. मी फिरत नाही, शोधतोय. पीठ दुसऱ्या गिरणीचं आणून बघितलं. यीस्ट बदललं. पाणी उकळून घेतलं. भट्टी आतून साफ करून घेतली. एक एक करून सगळं बदललं, तुझ्या शास्त्रात असंच करतात ना? काही फरक नाही. मग उरलं काय? हात उरले. नवे हात त्यांचेच.

बाई वाईट नाहीत. वेळेवर येतात, उगाच बोलत नाहीत. सासूचंही मला ठाऊक आहे, दगड नाही मी. पण माझ्या वडिलांच्या बेकरीतून बिनवासाचा पाव बाहेर जाणार असेल तर मी इथे कशाला उभा राहू? दोन दारं मी दाखवत नाही, मला दोनच दिसतात.

आणि अंगण वाकडं म्हणालीस, ते मात्र लागलं. म्हणून सांगतो, घे परीक्षा. माझे डोळे बांधा. एक पाव मी मळलेला, एक त्यांनी मळलेला, दोन्ही झाकून समोर ठेवा. हात लावणार नाही. नुसत्या नाकाने सांगतो कुठला कुणाचा. बरोबर निघालो तर वकिलीणबाईंनी खटला सोडायचा.

लोभ आहेच. पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी तो कमी होत नाही, पण देत जा.

तुझा,
बाबा


१४ मार्च

ती. आत्यास,

सा. न. तुझा भाऊ आपल्या पायांनी जाळ्यात आला! त्याने स्वतःच परीक्षा मागितली आहे. आता नीट घे, म्हणजे नंतर पळवाट राहणार नाही.

डोळे पक्के बांध. हाताने चाचपू देऊ नकोस, नाहीतर मऊपणावरून मळणारा ओळखू येईल. दोन पावांत एक बरोबर सांगणं म्हणजे नाणं उडवण्यासारखं आहे, म्हणून तीन फडकी ठेव. तिसऱ्याखाली काय ठेवायचं ते तू ठरव आणि कुणाला सांगू नकोस. तिन्ही सारखीच गरम असू देत.

एक गोष्ट मला राहून राहून टोचते आहे. बाबांनी लिहिलंय की एक एक करून सगळं बदललं, मग उरलं काय. विचार करण्याची पद्धत अगदी बरोबर आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी असं लिहिलं तर मी पूर्ण गुण देईन. तरी त्यात काहीतरी मोजायचं राहून गेलंय असं वाटतं, आणि काय ते हाताला लागत नाही. पेपर तपासून तपासून डोकं भुगा झालंय.

निकाल लगेच कळव. बाबा हरले तर फार हसू नकोस, मी आले की दोघी मिळून हसू.

तुझी माया आहे तशीच राहू दे,
टकळी


१९ मार्च

चि. टकळीस,

आशीर्वाद. हसायला तुला आणि मला काही उरलेलं नाही. मी नीट क्रमाने लिहिते, तू शांतपणे वाच.

सकाळची दुसरी भट्टी निघाल्यावर मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर मी सगळं मांडलं. दादाने आपलाच अॅप्रन डोळ्यांवर बांधून घेतला. मोठ्या ऐटीत होता, गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत होता की गाठ घट्ट मार, नंतर तुझी भाची रडेल. (तुला माझी भाची म्हणून ओळखतो, वादात असलीस की.) गुणगुणबाई कोपऱ्यात हात धूत होत्या. त्यांना काय चाललंय ते मी सांगितलं नव्हतं, पण त्या काही खुळ्या नाहीत.

पहिल्या फडक्याखाली दादाचा पाव. दुसऱ्याखाली त्यांचा. आणि तिसऱ्याखाली, टकळे, मी माझी कंबर शेकायची रबरी पिशवी ठेवली. गरम पाणी भरून. मला वाटलं, हा वाकेल, तो रबराचा दर्प नाकात जाईल, आणि ओरडेल की ही कसली थट्टा चालवली आहेस. मग आम्ही सगळे हसू, त्याचा राग उतरेल, आणि हसता हसता तो विषय संपेल. चाळीस वर्षं मी त्याचे राग असेच उतरवत आले आहे. ती पिशवी किती घाण वास मारते तुला माहीत आहे, तू लहानपणी तिला मेलेलं बदक म्हणायचीस.

तो पहिल्यावर वाकला. लांब श्वास घेतला. दुसऱ्यावर वाकला. मग तिसऱ्यावर. तिथे तो सर्वांत जास्त वेळ थांबला. नाक अगदी फडक्याला टेकेपर्यंत वाकला होता. मी तोंडात पदर कोंबून वाट बघत होते की आता ओरडेल. आणि तो हळूच म्हणाला की हा माझा. हा वास मी कुठेही ओळखेन.

मला क्षणभर काही समजलंच नाही. मग समजलं. त्याचा चेहरा, अर्धा अॅप्रनखाली, इतका खूश होता गं. मी म्हटलं, ओळखलंस रे दादा. दुसरं काय म्हणणार होते? तो गाठ सोडेपर्यंत मी ट्रे उचलून आत पळाले आणि पिशवी मोरीखाली ढकलली.

वळून बघते तर गुणगुणबाई दारात. पिशवीचं बूच फडक्याबाहेर आलेलं त्यांनी बघितलं होतं. त्यांच्या एका शब्दाने त्यांची नोकरी वाचली असती. पण त्यांनी फडकं घडी करून माझ्या हातात दिलं आणि पुन्हा मळायला गेल्या. त्या दिवशी मात्र त्या गुणगुणल्या नाहीत.

आता दादा म्हणतो निकाल लागला. महिनाअखेर त्यांना सोडणार. आणि हे माझ्या थापेमुळे. खरं सांगावं तर त्याचं नाक गेलं हे त्याच्या तोंडावर सांगायचं, ज्याचं सगळं आयुष्य नाकावर उभं आहे त्याला. न सांगावं तर त्या बाईच्या पोटावर पाय. मी दोन दिवस गल्ल्यावर बसून मोड चुकीची देते आहे. तू शिकलेली आहेस, तू सांग काय करू. आणि भट्टीला गॅसची शेगडी लागून आहे, गॅस गळला तर याला कळणार नाही, हेही माझ्या डोक्यातून जात नाही.

लोभ राहू दे. आत्ता त्याची फार गरज आहे.

आत्या


२२ मार्च

तीर्थरूप बाबांस,

सा. न. वि. वि. या पत्रात एकही चूक काढणार नाही. तुमची नाही. दुकानात वाचू नका, वर खोलीत जाऊन वाचा.

बाबा, त्या दिवशी तिसऱ्या फडक्याखाली पाव नव्हता. आत्याची शेकायची रबरी पिशवी होती. तिने थट्टेने ठेवली होती, आणि तुमचं उत्तर ऐकल्यावर तिला खरं सांगवेना. तिच्यावर चिडू नका. ती तुमच्यावर इतकी माया करते की तिला तुमच्यापुढे खरं बोलण्यापेक्षा खोटं बोलणं सोपं गेलं. गुणगुणबाईंनी ते बघितलं आणि त्याही गप्प राहिल्या, नोकरी जाणार हे दिसत असताना. हे तुम्हाला कळायला हवं.

मी तुम्हाला लिहिलं की तुमचं म्हणणं चूक आहे. तुमची कारणं चूक होती, आणि मी ती एकेक करून पाडली, आणि मला वाटलं की सगळंच पडलं. कुणाचं कारण चुकलं म्हणून त्याचं दुखणं खोटं ठरत नाही, हे मी वर्गात दर वर्षी शिकवते. माझ्या घरचं पत्र आलं आणि मी ते विसरले. तुम्ही लिहिलं होतंत की भट्टी उघडली की नुसती धग येते. पाव खातोय असं वाटत नाही. हे मी कुणाला सांगू, असंही लिहिलं होतंत. ते तुम्ही मला सांगत होतात, आणि मी उत्तरात तीन फडक्यांचे नियम लिहून पाठवले.

वास खरंच गेलाय, बाबा. फक्त पावाचा नाही. त्या बाई आल्या म्हणूनही नाही. त्या आल्या तुमच्या तापामुळे, आणि वास गेला तोही तापामुळेच. एकाच झाडावरची दोन पानं, आणि आपण एका पानाला विचारत बसलो की दुसरं का वाळलं. तुम्ही पीठ बदललंत, यीस्ट बदललंत, पाणी बदललंत. सगळं बदलून बघणारा माणूस तेवढा तोच होता, म्हणून तो मोजायचा राहिला. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तो मलाही मोजता आला नाही, आणि मी तर हेच शिकवायचा पगार घेते.

अंगणाची म्हण मी लिहिली, ती पत्रातून परत काढून घेता आली असती तर घेतली असती.

तुम्ही नाकाच्या डॉक्टरांकडे जाल का? तापानंतर असं होतं असं मी इथल्या डॉक्टरांकडून ऐकलं. कुणाकुणाचा वास परत येतो. कुणाकुणाचा म्हणाल्या, सगळ्यांचा नाही, आणि मी तुम्हाला वाढवून सांगणार नाही. मी शनिवारी येते. पेपर गेले खड्ड्यात.

बाबा, तुम्हाला हे पत्राने कळावं असं मला वाटत नव्हतं. पण फोनवर मी रडले असते, आणि तुम्ही माझीच समजूत काढत बसला असतात.

लोभ आहे हे मला माहीत आहे. तरी एकदा लिहून कळवा.

तुमची,
टकळी


२७ मार्च

चि. टकळीस,

आशीर्वाद. पत्र पोचलं. तो वर जाऊन वाचून आला. खाली आल्यावर माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ मोरीखालची पिशवी काढली, नाकाला लावली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग मला विचारलं, कसा येतो वास? मी म्हटलं, मेलेल्या बदकासारखा. त्यावर तो हसला गं, आणि हसता हसता खाली बसला. मी शेजारी बसले. लहानपणी पीठ सांडल्यावर आई ओरडेल म्हणून दोघं भट्टीमागे बसायचो, तसे बसून राहिलो.

उद्या डॉक्टरकडे जायचंय. मी सोबत जाणार आहे. तू शनिवारी येऊ नकोस असं त्याने निक्षून सांगितलंय. पोरांचे पेपर खड्ड्यात घालणारी मास्तरीण मला नको, सुट्टी लागली की ये म्हणतो. मला वाटतं त्याला सध्या तुझ्यासमोर शूर दिसायचं नाही आणि भित्रंही दिसायचं नाही. तेवढी सवड दे त्याला.

आम्ही जाऊ तेव्हा भट्टी कोण बघणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, बाईंना विचार जमेल का. मी म्हटलं, तूच विचार. गॅसपाशी एक वाजणारं यंत्र बसवून घेतलंय, ते परवा मी टोस्ट करपवला तेव्हाही बोंबललं.

लोभ तुझ्याकडे किती आहे ते कळलं. जपून वापर.

आत्या


२ मे

चि. टकळीस,

अनेक आशीर्वाद. उशिरा लिहितोय. आधी लिहिण्यासारखं काही नव्हतं, मग लिहवत नव्हतं, आता लिहितो.

डॉक्टर तरुण आहेत. म्हणाले, येईल किंवा येणार नाही, आणि आला तर हळूहळू येईल. मी म्हटलं, एवढं सांगायला माझी मुलगीही चालली असती. सकाळ-संध्याकाळ लिंबू, लवंग आणि कॉफी हुंगायला सांगितलंय. आत्या समोर बसून हजेरी घेते. समोरून टेलर बघतो आणि मला वेड लागलं असं सगळ्या बाजाराला सांगतो. म्हणजे मेहुण्याला.

तुला खरं सांगतो. त्या दिवशी तिन्ही फडक्यांखाली मला काहीच आलं नव्हतं. तिसरं सर्वांत गरम लागलं म्हणून तिथे थांबलो. आणि थांबलो तसं मला वाटायला लागलं की येतोय, हाच तो, आपला. मी खोटं बोललो नाही. मला तो हवा होता, एवढंच. पावाला वास नाही असं म्हटलं की दोष दुसऱ्या कुणाचा तरी असतो आणि तो शोधता येतो. म्हणून मी शोधत होतो. तुझं पत्र वाचलं तेव्हा राग आला नाही. फार दमल्यासारखं झालं, आणि मग बरं वाटलं.

बाईंना मी सॉरी म्हणणार होतो. तीन दिवस पाठ करत होतो. शेवटी भट्टीच्या तोंडाशी त्यांना बोलावलं आणि म्हटलं, इथे उभ्या राहा, आणि पाव झाला की मला सांगा. त्यांनी विचारलं, कसं सांगू? मी म्हटलं, तुम्हाला जमेल तसं. त्या गुणगुणायला लागल्या. मी आत बघत उभा होतो, मला नुसती धग. मग एकदम त्यांचा सूर थांबला. मी दार उघडलं. टकळे, रंग असा होता की माझ्या वडिलांनीही मान हलवली असती.

तेव्हापासून असंच चाललंय. सूर चालू तोवर दार बंद, सूर थांबला की फावडं आत. एकही ट्रे करपलेला नाही. आता लगेच लिहू नकोस की सूर थांबल्यानंतर पाव चांगला निघतो म्हणजे सूर थांबल्यामुळे निघतो असं नव्हे. ठाऊक आहे मला. आत्या घड्याळ लावू या म्हणत होती. मी नाही म्हटलं. आजोबांचा नियम मोडलेला नाही. पाव अजून नाकानेच बघतो, फक्त नाक माझं नाही. त्यांच्याशी हे बोललो तर त्या म्हणाल्या, मग माझ्या सर्दीची काळजी घ्या. इतकं लांब वाक्य त्या पहिल्यांदाच बोलल्या. त्यांना मी एक स्वेटर दिलाय.

आता शेवटचं, आणि हे तुझ्या शास्त्रातल्या माणसालाच विचारण्यासारखं आहे. काल सकाळी लिंबू चिरून नाकाशी धरलं, रोजच्यासारखं. आणि काहीतरी आलं. अगदी जरासं, दाराच्या फटीतून उजेड यावा तेवढं, आणि लगेच गेलं. पुन्हा हुंगलं तर काही नाही. आज सकाळीही नाही. आत्याला सांगितलं नाही, ती लगेच गल्लीभर सांगत सुटेल. मला माहीत आहे, एकदा घडलं म्हणजे पुन्हा घडेल असं नाही. वाटलं म्हणजे असतंच असंही नाही, रबरी पिशवीने तेही शिकवलं. हे सगळं मी मान्य करतो. पण टकळे, रबरी पिशवीच्या वेळी मला पावाचा वास हवा होता, आणि मला पावाचाच आला. काल मी कशाचीच वाट बघत नव्हतो, आणि मला लिंबाचा आला. हा फरक तुझ्या शास्त्रात धरतात का? सुट्टीत आलीस की सांग. नाही धरत असं निघालं तरी चालेल, पण सांगताना जवळ बस.

येशील तेव्हा दारातच थांब आणि आत काय वास येतो ते आधी मला सांग. मी बाकीचं आठवतो.

लोभ आहे. तू लिहून मागितला होतास, म्हणून हा लिहून दिला.

तुझा,
बाबा